घोटभर

सोमवार, २८ एप्रिल

पोचलो एकदाचे. ह्यांनी गाडीत एवढं सामान कोंबलं होतं की ड्रायव्हरनं विचारलं, तात्या, मुक्काम आठवड्याचा की कायमचा? हे म्हणाले, बायको म्हणेल तसं. बेचाळीस वर्षांत बायको म्हणेल तसं काय काय झालं ते मला विचारावं.

लग्नाचा वाढदिवस म्हणून संदेशनं, आमच्या लेकानं, उजनीच्या पाण्याकाठचं हे कॉटेज आठवडाभरासाठी घेऊन दिलं. आमच्या पिढीला सुट्टी घालवायची म्हणजे नेमकं काय करायचं ते ठाऊक नाही. वालचंदनगरला क्वार्टरच्या दोन खोल्यांत एकतीस वर्षं काढली, हे फिटर आणि मी बालवाडीची बाई. सुट्टी म्हणजे शेळगावला जायचं आणि सासूबाईंच्या हाताखाली कुरडया घालायच्या. आता बारामतीला लेकाच्या फ्लॅटवर असतो आणि तिथं सोनल, आमची सून, इकडची काडी तिकडं करू देत नाही. तेव्हा आरामाचा सराव तसा झालेला आहे.

जागा मात्र झकास. इंदापूरच्या अलीकडं मोठा रस्ता सोडला की केळीच्या बागेतून आत यायचं. मालक इंद्रजित, पस्तिशीचा असेल, उसाचं एक रान मोडून त्यानं ही तीन कॉटेजं बांधलीत. सध्या आमच्याशिवाय कुणी नाही. स्वयंपाक त्याची चुलती कुशाबाई करते. पुढं ओटा, ओट्यावर झोपाळा, कोपऱ्यात तिवईवर माठ, आणि समोर बघावं तिकडं पाणी. पलंगावर पांढऱ्याशुभ्र चादरी, प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं एकेक रोहित पक्षी भरलेला. कुशाबाईनं स्वतः भरलेत. त्यावर बसायलासुद्धा मी बिचकले. हे मात्र धुळीच्या पायांनी सरळ आडवे.

ही वही सोनलनं दिली. फेब्रुवारीत ह्यांचा मूतखडा काढला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की एक किडनी आधीच थकलेली आहे, उन्हाळाभर रोज दहा-बारा ग्लास पाणी पोटात गेलंच पाहिजे, आणि किती गेलं ते लिहून ठेवा. ह्यांना चहाची आठवण करावी लागत नाही, पाण्याची करावी लागते. म्हणून पाजायचं मी आणि लिहायचंही मी. सोनल म्हणाली, आई, नुसते आकडे काय लिहिता, दिवसभर काय केलंत तेही लिहा. म्हणून हा पसारा.

ह्यांचे ग्लास: ११.

मंगळवार, २९ एप्रिल

सकाळी होडीतून रोहित पक्षी बघून आलो. लांबून गुलाबी रेघ दिसते, जवळ गेलं की एकेक पाय. ह्यांनी होडीवाल्याला इंजिनाबद्दल इतके प्रश्न विचारले की त्यानं शेवटी इंजिनच बंद पडल्याचं नाटक केलं असावं. पाणी बरंच मागं सरलंय. इंद्रजित म्हणाला, उन्हाळ्यात रोज दोन पावलं सरतंच.

जेवणात चिलापी मासा आणि बाजरीची भाकरी. कुशाबाई बोलकी आहे. तिनं सहज सासूबाईंचं विचारलं आणि ह्यांना विषयच सापडला. आई तीन वर्षं अंथरुणाला होती, पण पाठीला एक जखम नाही, खोलीला वास नाही, गादी कायम कोरडी, असं सांगत बसले. मग महिला मंडळानं आठ मार्चला मला आदर्श सून म्हणून शाल-नारळ दिला तेही सांगून झालं. कुशाबाई माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, आजकाल कोण करतंय एवढं. मी ताटातली भाताची शितं वेचत बसले.

ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही. कपाटात अगदी तळाशी आहे. ह्यांना वाटतं, जपून ठेवलीय.

दुपारपासून ओट्याच्या कठड्यावर एक कावळा बसलाय, चोच उघडी टाकून. उन्हात कावळे असेच बसतात. मी भाकरीचा तुकडा टाकला, त्यानं बघितलंसुद्धा नाही.

ह्यांचे ग्लास: १२.

बुधवार, ३० एप्रिल

आज आखिती, अक्षय्य तृतीया. माझ्या लक्षात होतं, पण मी ते लक्षात नाही असं दाखवलं होतं. आमच्याकडं आखितीला घरच्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून पुजतात. उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागते म्हणतात. गेली दहा वर्षं मी गुडघ्याचं निमित्त सांगून हे काम सोनलकडं दिलंय. इथं सोनल नाही.

सकाळीच कुशाबाई कोरा करा घेऊन आली. म्हणाली, "तात्या म्हनलं, सासूचं पानी सुनंनंच भरावं. बसा, मी पाट मांडते." नाही कसं म्हणणार. हे आंघोळ करून टोपी घालून हजर. मी तांब्यानं करा काठोकाठ भरला. हळद-कुंकू लावायला वाकले तर तो रिकामा. कुशाबाई म्हणाली, नवं मडकं आधी आपली तहान भागवतं. पुन्हा भरला. फूल ठेवेपर्यंत पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा भरल्यावर मी कऱ्याच्या बुडाला बोट लावून पाहिलं. बूड कोरडं, खालचे गहू कोरडे, पाट कोरडा. कुशाबाईनं डोक्यावर पदर ओढून हात जोडले.

मग केळीच्या पानावर पुरणपोळी आणि आमरस वाढून पान ओट्याच्या पायरीवर ठेवलं. कावळा कठड्यावरच होता, चार हातांवर. अर्धा तास झाला, तास झाला, तो खाली उतरेना. चोच उघडी आणि नजर माझ्याकडं. हे हसून म्हणाले, "आईला अजून काय पाहिजे म्हणावं?"

अकरा वर्षांपूर्वी दहाव्याच्या दिवशी ह्यांनी हेच, ह्याच शब्दांत विचारलं होतं, रडत. नदीवर पिंड मांडला होता आणि कावळा शिवत नव्हता. झाडावर पंधरा-वीस कावळे, पण एक खाली येईना. मग रीतीप्रमाणं एकेक जण पुढं होऊन हात जोडून म्हणायला लागला, शकूआत्या, गाय विकणार नाही. आई, विहिरीवरचं आंब्याचं झाड तोडणार नाही. आजी, नातवाचं लग्न थाटात करू. ऊन डोक्यावर आलं. कुणीतरी म्हणालं, सुनेला विचारा, शेवटी तीच जवळ होती, तिला ठाऊक असेल म्हातारीचं काय राहिलं ते. दीडशे माणसं माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली, काही नाही म्हणाले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला गेले.

काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं.

ह्यांचे ग्लास: ११.

गुरुवार, १ मे

आज पहाटे ह्यांनी अंथरूण ओलं केलं. ह्या वयात, त्यात इतकं पाणी आणि प्रोस्टेटचा त्रास, होतं असं. हे बिचारे भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मी म्हटलं, तांब्या लवंडला असं सांगू. चादर न्हाणीघरात धुतली आणि मागच्या कुंपणावर वाळत घातली, तर कुशाबाई दारात. मी तांब्याचं सांगितलं. ती व्हय म्हणाली, पण चादर हातात घेऊन उलटी केली आणि मग माझ्याकडं बघितलं. लाल पक्ष्याभोवती पिवळी कड राहिली होती. शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारच्या झोपेत पुन्हा तेच. त्यानंतर मी माठ आत आणला आणि कपाटामागं ठेवला. ह्यांनी पाणी मागितलं की अर्धा ग्लास देते. म्हणाले, अगं, घसा सुकतोय. मी म्हटलं, आत्ताच तर प्यायलात.

ह्यांचे ग्लास: ११.

खोटं आहे. सहा दिले.

लिहूनच टाकते. एकदा तरी कुठंतरी लिहिलं पाहिजे. सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर रोज गादी भिजायची. क्वार्टरची गॅलरी समोरच्या पन्नास घरांना दिसायची. गादी वाळत घातली की बायका नाकाला पदर लावून जायच्या, बालवाडीत पोरं म्हणायची, बाईंच्या घराला वास येतो. मला ती लाज सोसेना. मग मी पाणी कमी केलं. आधी संध्याकाळनंतर बंद, मग दुपारनंतर. शेवटच्या उन्हाळ्यात सकाळी एक वाटी आणि औषधापुरतं. हे कामावर असायचे. त्या हाक मारायच्या, "रतन, घोटभर दे गं." मी स्वयंपाकघरात भांडी मोठ्यानं आपटायची, म्हणजे ऐकू येत नाही असं वाटावं. गादी कोरडी राहायला लागली. लोक वाखाणायला लागले. शेवटच्या दिवशी त्यांना हाक मारता येईना, नुसतं तोंड उघडं होतं.

मला ते पिंडापुढं बोलायचं होतं. माझ्या हातचं घोटभर पाणी, एवढंच. दीडशे माणसांपुढं जीभ उचलली नाही.

शुक्रवार, २ मे

कावळा आता खिडकीत बसतो. ह्यांच्या उशाशी. हाकलला तरी हलत नाही.

चादर कोरडी. कुशाबाईनं कोरडी चादर बघून मान डोलावली आणि मला बरं वाटलं. कुशाबाईच्या मान डोलावण्यानं मला बरं वाटलं. काय बाई आहे मी.

ह्यांचे ओठ फुटलेत. झोपाळ्यावरून उठताना तोल गेला. ऊन फार आहे म्हणाले. इंद्रजित विचारत होता, तात्या नीट पाणी पितात ना. मी खालचं हातानं झाकून वहीतले आकडे दाखवले. अकरा, बारा, अकरा, अकरा.

दुपारी तीनला मी ओट्यावर बसले होते. आतून हाक आली. "रतन, घोटभर दे गं."

बेचाळीस वर्षांत ह्यांनी माझं नाव घेतलेलं नाही. अगं म्हणतात, फार तर संदेशची आई. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हासुद्धा रत्नाची अंगठी असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली होती. मी धावत आत गेले. हे डोळे मिटून पडले होते. तोंड उघडं. खिडकीत तो, तोंड उघडं.

मी कपाटामागून माठ ओढला. कोरडा. सकाळी गळ्यापर्यंत भरलेला होता, मी स्वतः बघितला होता.

ह्यांचे ग्लास: चार. आज खरं लिहिते. सोमवारी ११, मंगळवारी १२, बुधवारी ११, हे खरे. काल सहा.

शनिवार, ३ मे

सकाळपासून देतेय. देववत नाही. म्हणजे पोचत नाही —

नळाचा ग्लास भरला, पलंगापर्यंत सात पावलं, ओठाला लावला तर रिकामा. बाटलीचं झाकण फोडलं, तीच गत. चमच्यानं घातलं. चमचा कोरडा. बाहेर जाऊन तलावात ओंजळ भरली. काठ कालच्यापेक्षा किती लांब गेलाय, चिखलातून चालत गेले, साडी गुडघ्यापर्यंत भरली, ओंजळ घेऊन धावत आले. हाताला नुसती माती.

हे सारखे म्हणताहेत, रतन, घोटभर. रतन, घोटभर. ह्यांचा आवाज नाही तो.

इंद्रजित गाडी आणायला गेला. संदेशला फोन केला. कुशाबाई आली, तिनं ग्लास दिला, तिच्याही हातून तेच. तिनं ग्लास खाली ठेवला आणि मला धरून बसवलं. मी विचारलं, कावळा शिवतच नसेल तर काय करायचं असतं. ती म्हणाली, "ऱ्हायलेलं मागनं तोंडानं बोलावं लागतंय, बाई. आन ज्याच्या ज्याच्यापुढं झाकलं, त्याच्या त्याच्यापुढं उघडावं लागतंय. एकाला सांगून भागत न्हाय."

मी ह्यांच्या कानाशी बसले. सगळं सांगितलं. वाटी, भांडी आपटणं, कपाटामागचा माठ, परवाचे सहा, कालचे चार, आजचं —

ह्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "अगं."

ह्यांचाच आवाज.

"गादी उन्हात टाकायला मीच उचलायचो रविवारी. कोरडी असायची. मला बरं वाटायचं. मी विचारलं नाही कधी."

एवढंच बोलले. दोघंही एकमेकांकडं बघू शकलो नाही. मी ग्लास उचलला. भरलेला होता. प्यायले. ह्यांनी सगळा संपवला. खिडकीकडं बघितलं तर कावळा नाही.

मग गाडीचा हॉर्न. ओट्यावर आले तर तो माझ्या चपलांवर बसलेला.

रविवार, ४ मे

इंदापूर. दवाखाना. सलाइन लावलंय, धोका टळला म्हणाले. किडनीचं उद्या कळेल. संदेश आणि सोनल सकाळी आले. सोनलनं माझे पाय चेपले. म्हणाली, आई, तुम्ही होतात म्हणून बाबा वाचले. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, नशीब लागतं अशी बायको मिळायला. मी मान हलवली.

हे माझ्याकडं बघत होते. मग भिंतीकडं वळले.

काल दुपारपासून माझ्या पोटात थेंब नाही. भरते, तोंडाशी नेते — चहासुद्धा नाही. सोनल विचारते, आई, प्यायलात का? मी म्हणते, प्यायले.

जीभ टाळूला चिकटलीय. खिडकीच्या गजावर तो. इथंही. नर्सनं हाकलला नाही, तिला दिसत नसावा —

डॉक्टर वही मागताहेत. चार दिवसांचं पाणी बघायचंय म्हणे, औषध त्यावर ठरेल. पानं फाडून आकडे नव्या कागदावर उतरवले असते. फाडायला घेतली. गुरुवारचं पान निम्मं फाटलंय. कुणाला कळलं नसतं. ह्यांना ठाऊक आहे, हे बोलणार नाहीत, आधीही बोलले ना —

सोनलपुढं नको. देवा, तिच्यापुढं तेवढं नको. दहा वर्षं तिनं माझ्याऐवजी करा भरला.

ती दारात उभी आहे. एका हातात पाण्याचा ग्लास. दुसरा हात वहीसाठी पुढं केलेला. ग्लास काठोकाठ भरलाय, मला इथून दिसतोय. दोन पावलं. वही दिली तर तो भरलेला राहील, नाही दिली तर —

ती म्हणतेय, आई, तोंड असं उघडं का टाकलंय, आधी घोटभर —

ह्यांचे ग्लास: ९. खरे.

माझे